लिंफेडेमा: पट्टी, मोजा आणि शस्त्रक्रिया. सोलापूरच्या रुग्णांसाठी पहिल्या दिवसापासूनची वाट

एक पाय किंवा एक हात सुजतो, महिनोन्‌महिने उतरत नाही, रक्त-लघवीच्या तपासण्या ठीक येतात आणि शेवटी डॉक्टर कागदावर 'लिंफेडेमा' लिहून देतात. तिथून पुढे काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे सांगतो. क्रमाला फार महत्त्व आहे, कारण अनेकजण तो उलटा लावतात. आधी 'ऑपरेशन करून एकदाचं मोकळं होऊ' म्हणून पुण्या-मुंबईत चौकशी करतात, मग परत येऊन मोजा घेतात, आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांकडे सगळ्यात शेवटी बघतात. खरं तर उपचाराची सुरुवात त्या चिखल्यांपासूनच करायची असते.

आधी सूज कशाची ते समजून घ्या

रक्तातून पेशींभोवती झिरपलेलं पाणी आणि प्रथिनं परत गोळा करून आणणाऱ्या बारीक नळ्यांचं एक जाळं शरीरात असतं. त्या लसिकावाहिन्या. वाटेत जांघेत, काखेत, मानेत त्यांच्या गाठी असतात. नळ्या किंवा गाठी निकामी झाल्या की प्रथिनं मागे साठतात आणि ती पाणी धरून ठेवतात. सुरुवातीला ही सूज मऊ असते. बोट दाबलं की खड्डा पडतो, रात्रभर पाय वर ठेवला की बरीच उतरते. पुढे त्याच जागी तंतू धरतात, चरबी वाढते, कातडी जाड होते आणि खड्डा पडेनासा होतो. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, कारण कोणती शस्त्रक्रिया लागू पडेल ते पुढे यावरच ठरतं.

लघवी जास्त होण्याच्या गोळ्या इथे उपयोगी का नाहीत, हेही यातच आलं. त्या पाणी काढतात, प्रथिनं तिथेच राहतात आणि पाणी पुन्हा ओढून घेतात. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबासाठी डॉक्टरांनी दिल्या असतील तर मात्र त्या मनाने बंद करू नका.

आपल्याकडे कारणं मुख्यतः दोन. पहिलं हत्तीरोग. महाराष्ट्रातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत सोलापूरची गणना होत आली आहे. घाण पाण्यात, तुंबलेल्या गटारात वाढणारा क्युलेक्स डास याचे जंतू पसरवतो. दुसरं कारण कर्करोगाचा उपचार. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी सगळ्या काढल्या तर साधारण पाचातल्या एकीला पुढे हात सुजण्याचा त्रास होतो; फक्त पहिली पहारेकरी गाठ (सेंटिनल नोड, म्हणजे कर्करोग पसरताना सगळ्यात आधी जिथे पोचतो ती) तपासली असेल तर हे प्रमाण विसातल्या एकीच्या आसपास येतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगानंतर पाय सुजतो. काहींच्या नळ्या जन्मतःच अपुऱ्या असतात. त्यांची सूज वयात येताना दिसू लागते, मुलींमध्ये जास्त.

हत्तीरोगाबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. डीईसीची गोळी रक्तातले जंतू मारते, आजार पसरणं थांबवते. जुनी सूज तिने उतरत नाही. रात्री घेतलेल्या रक्तात जंतू सापडले नाहीत म्हणजे पायाची सूज हत्तीरोगाची नाही, असंही नाही. सूज जुनी झाली की रक्त बऱ्याचदा स्वच्छच येतं. सामुदायिक औषधोपचाराच्या मोहिमेत गोळ्या घ्या, पण पायाचा उपचार वेगळा चालू ठेवा. आणि अंडवृद्धी असेल तर लाजून घरी बसू नका. तिची शस्त्रक्रिया साधी आणि सरळ असते, तिच्यासाठी या लेखातली लांबलचक वाट चालावी लागत नाही.

पहिली पायरी: खरंच लिंफेडेमाच आहे ना?

पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचलून बघा. उचलली जात नसेल, जाड लागत असेल तर लिंफेडेमाची शक्यता मोठी. हातासाठी हीच खूण हाताच्या बोटावर बघतात. मात्र चिमटीत कातडी आली म्हणजे आजार नाहीच, असं धरू नका.

दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर आधी हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड तपासा. अॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळीही घोट्यावर सूज आणते. मांड्या-पोटऱ्या जाड आणि दुखऱ्या, पण पावलं अगदी बारीक, असं असेल तर तो बहुधा लिपेडेमा हा वेगळा आजार. एक पाय एक-दोन दिवसांत अचानक फुगला, पोटरी दुखते, तर त्याच दिवशी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. शिरेत रक्ताची गाठ असेल तर त्या पायाला मालिश किंवा पट्टी जीवावर बेतू शकते. कर्करोगाचे उपचार होऊन गेल्यावर सूज नव्याने आली किंवा झपाट्याने वाढली, तर रोग परतला नाही ना, हे आधी बघायचं.

तपासणी सिव्हिलच्या सर्जरी बाह्यरुग्ण विभागात सुरू करता येते. कर्करोगाचे रुग्ण बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयात किंवा जिथे उपचार झाले तिथे आधी दाखवतील तर बरं, कारण किती गाठी काढल्या आणि किरणोपचार कुठे दिले याचे कागद तिथेच असतात.

दुसरी पायरी: टेप आणि वही

शिंप्याकडची साधी मोजपट्टी घ्या. सकाळी उठल्या उठल्या, चालायच्या आधी, दोन्ही पायांची मापं घ्या: पावलाचा घेर बोटांच्या मुळाशी, मग तळव्यापासून वर 10, 20, 30, 40 सेंटीमीटरवर, गुडघ्याच्या वरही तसंच. खुणा पेनाने करा, टेप आवळू नका, फक्त टेकवा. दोन बाजूंत 2 सेंटीमीटर किंवा जास्त फरक असेल तर तो गांभीर्याने घ्यायचा.

आकारमान काढायचं असेल तर दोन शेजारच्या घेरांवरून निघतं. खालचा घेर 26, वरचा 32, मधलं अंतर 10 सेंटीमीटर. 26 चा वर्ग 676, 26 गुणिले 32 म्हणजे 832, 32 चा वर्ग 1024. बेरीज 2532. तिला 10 ने गुणून 37.7 ने भागा: 672 मिलिलिटर. चांगल्या पायाचे घेर त्याच जागी 22 आणि 28 असतील तर 500 मिलिलिटर येतात. म्हणजे त्या दहा सेंटीमीटरच्या तुकड्यातच पावणेदोनशे मिलिलिटर जास्त आहे. सगळ्या तुकड्यांची बेरीज करा, तारीख घाला. आठवड्याला एकदा, नेहमी सकाळीच. 'थोडं उतरल्यासारखं वाटतंय' यावर उपचार ठरत नाही, या वहीवर ठरतो. पुढे सर्जनकडे गेलात तर तेही हीच वही आधी मागतील.

तिसरी पायरी: कातडी

सुजलेल्या पायाची जंतूंशी लढायची ताकद कमी झालेली असते. सुईच्या अग्राएवढी फट त्यांना पुरते, आणि ती फट बहुतेक वेळा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये असते. तिथली कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी दिसते, वास येतो, खाजवतं. या चिखल्याच. बुरशीने होतात आणि जंतूंना दार उघडून देतात. जंतू शिरले की पाय लाल होतो, थंडी वाजून ताप येतो, जांघेत अवधाण येतं. असा प्रत्येक झटका काही नळ्या कायमच्या बंद करून जातो. त्यामुळे चिखल्या आवरल्या की पायाची वाढ थांबवण्याचं निम्मं काम झालं, असं आमचं मत आहे.

रोज एकदा, शक्यतो रात्री झोपायच्या आधी, हे करा. एक टब, एक मग, बिनवासाचा साधा साबण. पाणी साधं, गरम नको. गरम पाण्याने सूज वाढते. नळाला रोज पाणी येत नसलं तरी अडचण नाही, झाकून ठेवलेलं स्वच्छ पाणी चार-पाच लिटर पुरतं. साबण हातावर फेसून लावा, दगडाने किंवा ब्रशने घासू नका. कातडीच्या घड्या उघडून आतून धुवा. बोटांच्या बेचक्यात बोट घालून धुवा. बोटं इतकी जाड झाली असतील की बोट शिरत नाही, तर मऊ कापडाची पट्टी ओवून हलकेच ओढा.

मग पुसणं. इथेच चूक होते. आपल्या सोलापुरी टॉवेलचा एक जुना, धुऊन मऊ झालेला टॉवेल घ्या आणि त्याचे तळहाताएवढे तुकडे करा. प्रत्येक बेचक्याला कोरडा तुकडा. टॉवेल घासायचा नाही, टिपायचा. बेचकं पूर्ण कोरडं झालं की चिखल्या असतील तिथे क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोनदा, बरं दिसायला लागल्यावरही दोन आठवडे. पायाच्या बाकी भागाला साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल पातळ हाताने, बेचक्यात मात्र नाही. तिथे ओलावा हाच शत्रू. टाचेच्या भेगांना व्हॅसलीन. नखं सरळ कापा, कडा कोरू नका. कुरूप ब्लेडने तासू नका.

अनवाणी चालू नका, घरातसुद्धा. चप्पल मागे पट्टा असलेली, रुंद, आतून मऊ. वारीला किंवा गड्ड्याच्या यात्रेत अनवाणी चालण्याचा नेम असेल तर देवाला हात जोडून तेवढा सोडा. आणि सुजलेल्या भागावर डाग देणं, जळवा लावणं, सुई टोचून पाणी काढणं, कढत तेलाने रगडणं, विटेचा शेक, झोंबणारे लेप, यातलं काहीही नको. सुई टोचून निघणारं पाणी दोन दिवसांत परत भरतं, आत गेलेले जंतू मात्र राहतात.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताची काळजी तशीच: भांडी घासताना रबरी हातमोजे, भाजी चिरताना अंगुस्तान, कापलं तर लगेच धुऊन जंतुनाशक मलम. रक्तदाब आणि सुई शक्य तेव्हा दुसऱ्या हाताला. पण तातडीची वेळ असेल तर याच्यासाठी उपचार अडवू नका.

थंडी-ताप आला तर

पाय लाल, गरम, दुखरा, अंगात हुडहुडी. जुनी माणसं याला धावरं म्हणतात. पट्टी, मोजा, मालिश, पंप सगळं त्या क्षणी बंद. पाय उंच ठेवा, ओली गार घडी ठेवा, तापासाठी पॅरासिटामॉल घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. प्रतिजैविकं साधारणपणे किमान 14 दिवस चालतात. सहसा अमॉक्सिसिलिन 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात, पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर दुसरं. तीन दिवसांत ताप गेला म्हणून गोळ्या सोडणं हे पुढच्या झटक्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. उलट्या, भान हरपणं, रक्तदाब उतरणं किंवा दोन दिवसांच्या गोळ्यांनी काहीच फरक नाही, असं असेल तर दाखल व्हावं लागतं.

वर्षात दोन किंवा जास्त झटके येत असतील तर डॉक्टरांशी प्रतिबंधक पेनिसिलिनबद्दल बोला: रोज गोळी किंवा दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं 12 लाख युनिटचं इंजेक्शन.

चौथी पायरी: पट्टी

सूज उतरवण्याचा खरा टप्पा हा. दोन ते चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडे रोज हलकी मालिश आणि अनेक थरांची पट्टी. पट्टी बावीस-तेवीस तास अंगावर. आमची सूचना अशी की हा टप्पा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा 40 च्या वर गेलेला असताना मांडीपर्यंत चार थर बांधून राहणं कठीण जातं, आणि चार दिवसांनी सोडून दिलेल्या उपचारामुळे पुढच्या वेळी मनच तयार होत नाही.

सुरू करण्याआधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या, विशेषतः मधुमेह असेल किंवा तंबाखू चालू असेल तर. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात. ते 0.5 च्या खाली असेल तर दाबाची पट्टी बांधायची नाही, 0.5 ते 0.8 असेल तर कमी दाबाची आणि देखरेखीखालीच. मधुमेहात शिरा कडक झाल्याने हा आकडा फसवा, उगाच चांगला येतो, म्हणून बोटांवरचा दाब किंवा डॉप्लरचा आलेखही बघायला सांगा. हृदय कमकुवत असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय दोन्ही पाय एकदम बांधू नका.

औषधाच्या दुकानात मिळणारी तपकिरी क्रेप पट्टी यासाठी नाही. ती खूप ताणली जाते, झोपेत आवळत राहते, आणि चालताना मात्र स्नायू फुगला की तीही फुगते, त्यामुळे आतला दाब वाढतच नाही. हवी ती 'शॉर्ट स्ट्रेच' पट्टी. ती फार ताणत नाही. आडवं पडल्यावर दाब सौम्य राहतो, चालताना पोटरी तिच्यावर आपटते आणि पाणी वर ढकललं जातं. म्हणून पट्टी बांधून नुसतं झोपून राहिलं तर फायदा निम्माही होत नाही.

पायासाठी बांधणीचा क्रम:

1. धुऊन, कोरडा करून, क्रीम लावून दहा मिनिटं थांबा. मग सुती स्टॉकिनेट (नळीसारखं विणलेलं मऊ कापड) बोटांपासून वरपर्यंत.
2. बोटांना 4 सेंटीमीटर रुंदीची जाळीदार गॉज पट्टी, प्रत्येकाला वेगळी, अग्र उघडं ठेवून. करंगळी फार लहान असेल तर सोडा.
3. कापूस किंवा फोमचा थर. घोट्याच्या हाडामागच्या खोलगट जागेत फोमचा तुकडा भरा, नडगीच्या हाडावर जादा थर द्या. पाय जितका नळीसारखा गोल होईल तितका दाब सारखा बसतो. खड्डे राहिले तर तिथे पाणी साठतं आणि उंचवट्यावर कातडी सोलते.
4. घोटा काटकोनात ठेवून 8 सेंटीमीटरची पट्टी बोटांच्या मुळापासून, टाच पूर्ण झाकून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घोट्याभोवती.
5. 10 सेंटीमीटरची घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा. पुढचा थर उलट्या दिशेने.
6. गुडघा किंचित वाकवून 12 सेंटीमीटरची जांघेपर्यंत.
7. शेवट कागदी चिकटपट्टीने. पट्टीसोबत येणारे धातूचे आकडे फेकून द्या, त्यांनी कातडीला भोक पडतं.

ताण सगळीकडे सारखाच ठेवायचा. घोटा बारीक असल्यामुळे तिथे दाब आपोआप जास्त पडतो आणि वर जाताना कमी होतो. वर मुद्दाम आवळलं तर पावलात पाणी अडकतं. बांधून झाल्यावर नखावर दाबून बघा, दोन-तीन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. बोटं निळी, गार, बधिर, मुंग्या, टोचणारी वेदना: लगेच सोडा, सकाळची वाट बघू नका. पट्टी सैल होऊन घसरली तर ते चांगलं लक्षण आहे, पाय उतरतो आहे. पुन्हा बांधा, कारण घसरलेल्या पट्टीची गुंडाळी दोरीसारखी कापते.

पट्ट्यांचे दोन संच लागतात, एक धुवायला आणि एक अंगावर. सौम्य साबणात धुवा, पिळू नका, सावलीत आडव्या वाळवा.

मालिशबद्दल थोडक्यात. ही रगडण्याची मालिश नव्हे. डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी 1930 च्या दशकात रूढ केलेली पद्धत तेलाशिवाय, कातडी फक्त सरकेल इतक्याच दाबाने करतात. कातडी लाल झाली म्हणजे जोर जास्त झाला. आणि ती वरून सुरू होते. आधी पाच खोल श्वास, मग गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात हलकी वर्तुळं, मग काख, पोट, आणि मग मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. पुढची टाकी रिकामी केल्याशिवाय मागचं पाणी जाणार कुठे? हाताच्या सुजेत दुसऱ्या बाजूची काख आणि त्याच बाजूची जांघ आधी मोकळी करतात.

हवेचा पंप, म्हणजे पायावर चढवलेल्या पिशवीत हवा भरून दाब देणारं यंत्र, विकत घ्यायची घाई नको. तो पाणी वर ढकलतो, प्रथिनं फारशी हलवत नाही. आधी छाती-पोटाचा भाग मालिशने मोकळा केला नाही तर मांडीच्या मुळाशी किंवा जननेंद्रियांवर सूज येते. वापरायचाच तर थेरपिस्टने दाब ठरवून दिल्यावर, आणि पंपानंतर लगेच मोजा.

पाचवी पायरी: मोजा, आणि तो कायमचा

सूज जितकी उतरायची तितकी उतरून मापं आठवडाभर स्थिर राहिली की त्याच दिवशी मोज्याचं माप द्या. सुजलेल्या पायाचं माप देऊन मोजा शिवून घेतला तर तो सूज सांभाळतो, उतरवत नाही.

जर्मन मानकानुसार दाबाचे वर्ग असे: पहिला 18 ते 21 मिलिमीटर पारा, दुसरा 23 ते 32, तिसरा 34 ते 46, चौथा 49 च्या वर. हाताला सहसा पहिला-दुसरा, पायाला दुसरा-तिसरा. पाय वेडावाकडा, घड्या पडलेला असेल तर सपाट विणीचा, मापाने शिवलेला मोजा घ्या. गोल विणीचा तयार मोजा स्वस्त मिळतो, पण घडीत रुततो. अपघातानंतर किंवा व्हेरिकोज शिरांसाठी मिळणारे कापडी मोजे इथे पुरत नाहीत.

सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घाला. हातात रबरी हातमोजे चढवले की वीण पकडीत येते आणि नखाने फाटत नाही. वरची कड दुमडू नका, दुमडली की दुप्पट दाबाचा फास होतो. रोज धुवा, यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या मोज्यात रुई आणि घाम दोन्ही अडकतात. दोन मोजे आळीपाळीने वापरा आणि साधारण सहा महिन्यांनी बदला. मोजा पायात सहज सरकू लागला म्हणजे त्यातला दाब संपला. उन्हाळ्यात मोज्यावरूनच थोडं पाणी शिंपडून पंख्याखाली बसा, गारवा वाटतो.

उठण्या-बसण्याच्या सवयीही बघा. विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसतात. जांघेत घडी दाबली जाते आणि पाणी वर सरकत नाही. पाटाऐवजी बुटकं स्टूल, आणि अर्ध्या तासाने पाय लांब करून घोटा वीस वेळा वर-खाली. यंत्रमागावर उभं राहावं लागतं त्यांनी जागच्या जागी टाचा उचलत राहाव्या. रात्री पलंगाच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवून बाज साधारण 15 सेंटीमीटर उचला, किंवा सोलापुरी चादरीची घट्ट घडी गादीच्या खाली घाला. नुसती उशी पोटरीखाली घेतली तर ती रात्री सरकते आणि गुडघ्याखाली दाब देते. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हाही उपचारच आहे. जेवणातली डाळ, अंडी, दूध कमी करू नका; सूज प्रथिनांची असली तरी ती खाण्यातल्या प्रथिनांमुळे येत नाही.

सहावी पायरी: शस्त्रक्रियेचा विचार

साधारण सहा महिने वरचं सगळं नेटाने केलं, कागदावर मापं स्थिर आहेत, तरी पाय जड आहे किंवा झटके थांबत नाहीत, तेव्हा हा विचार करा. तंबाखू आणि मिसरी बंद झाली पाहिजे, साखर आटोक्यात हवी. बारीक शिरा जोडायच्या असतात, तंबाखूने त्या आकसतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: यातली कुठलीही शस्त्रक्रिया मोज्यापासून सुटका नक्की करून देईल, असं कुणी म्हणत असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. काहींचा मोजा सुटतो, अनेकांचा हलका होतो, काहींना आयुष्यभर आधीपेक्षा जास्त काटेकोरपणे घालावा लागतो.

ठरवण्याआधी दोन तपासण्या महत्त्वाच्या. लिम्फोसिंटिग्राफीत बोटांच्या बेचक्यात किरणोत्सारी टेक्नेशियम टोचून ते जांघेपर्यंत किती पोचतं ते बघतात. आयसीजी तपासणीत हिरवं औषध टोचून खास कॅमेऱ्याने चालू नळ्या कातडीखाली चमकताना दिसतात. सरळ रेघा दिसल्या तर नळ्या जिवंत आहेत. नुसता धुरकट पसारा दिसला तर नाहीत.

नळ्या जिवंत असतील, सूज मऊ असेल तर नळी-शीर जोडणी, म्हणजे एलव्हीए. दोन-तीन सेंटीमीटरच्या छेदातून साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची नळी तेवढ्याच शिरेला सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक टाक्यांनी जोडतात. अशा दोन-चार, कधी जास्त जोडण्या. शरीराचा दुसरा कुठला भाग काढावा लागत नाही, दोन-तीन दिवसांत घरी येता येतं. जपानचे इसाओ कोशिमा यांनी ही इतकी सूक्ष्म शस्त्रक्रिया पुढे नेली. फसते ती उशिरा केली म्हणून: नळ्याच कडक झालेल्या असतील तर जोडणी उघडी राहत नाही.

नळ्या संपलेल्या, काखेत किरणोपचाराचा कडक व्रण, पण पाय-हात अजून दगड झालेला नाही: तिथे गाठींचं रोपण. मानेतून, हनुवटीखालून, जांघेतून किंवा पोटातल्या चरबीच्या पडद्यातून गाठी त्यांच्या रक्तवाहिन्यांसह काढून बसवतात. पहिले दोन-तीन दिवस रोपणाचा रक्तपुरवठा तासातासाला बघावा लागतो. फळ दिसायला सहा महिने ते दोन वर्षं. मुख्य धोका म्हणजे जिथून गाठी काढल्या तिथेच नवी सूज. म्हणून जांघेतून गाठी घेणार असतील तर 'पायाच्या मुख्य गाठी वाचवायला आधी नकाशा काढणार का?' हा प्रश्न जरूर विचारा.

खड्डा पडत नाही, पाणी उतरवून झालं, उरली ती चरबी: तिथे लिपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं. स्वीडनचे हाकान ब्रोरसन यांनी ही पद्धत रुजवली. आकार लगेच उतरतो, पण मोजा चोवीस तास, जन्मभर. मोज्याचं माप शस्त्रक्रियेआधीच दिलेलं असतं आणि तो ऑपरेशन टेबलवरच चढवतात. मोजा चोवीस तास घालण्याची तयारी नसेल तर ही शस्त्रक्रिया करूच नका. खड्डा पडत असताना केली तरीही फसते, कारण पाणी नळीने ओढून काढायची ही पद्धत नाही.

हत्तीपायात गाठ अर्धी कापून ती शिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया भारतात बरीच वर्षं चालत आली आहे. सुरुवातीच्या टप्प्यात तिचा उपयोग होतो. पाय फारच मोठा, गाठीगाठींचा, सतत पाझरणारा झाला असेल तर जादा मांस कापून काढणं हाच मार्ग उरतो. टप्प्याटप्प्याने काढतात, किंवा 1912 मध्ये चार्ल्स यांच्या नावाने रूढ झालेल्या पद्धतीने कातडीसकट सगळं काढून वर कातडीचं कलम लावतात. रक्तस्राव, कलम न धरणं, महिनोन्‌महिने जखमा, नंतर जाड खडबडीत कातडी, हे सगळं शक्य आहे. पण ज्याला पाय उचलून जिना चढता येत नाही त्याला याने चालता येतं, हेही खरं.

खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमची नेमकी शस्त्रक्रिया बसते का ते लेखी विचारा. सूक्ष्मदर्शकाखालच्या जोडण्यांसाठी पुणे किंवा मुंबईलाच जावं लागेल असं धरून चला. जाताना मापांची वही, कर्करोगाचे कागद, डॉप्लर, चालू मोजा आणि किती झटके कधी आले त्याची यादी बरोबर घ्या. सर्जनला हे विचारा: माझ्या टप्प्याला हीच का, अशा किती केल्या, मोजा कधी परत सुरू करायचा, आणि नंतरची पट्टी सोलापुरात कोण बांधेल? शेवटचं उत्तर जाण्याआधीच ठरवून ठेवा, नाहीतर टाके काढून परत आल्यावर पहिल्याच महिन्यात सगळं फुगतं.

हुतात्मा किंवा वंदे भारत गाडीने तासन्‌तास बसून जाताना मोजा अंगावर असू द्या, दर स्टेशनला उठून डब्यात एक फेरी मारा. शस्त्रक्रियेनंतर 1, 3, 6 आणि 12 महिन्यांनी त्याच खुणांवर, त्याच टेपने मापं घ्या. आणि जुन्या सुजेवर कधी जांभळी, लालसर-काळी गाठ किंवा न भरणारा व्रण दिसला तर तो मुका मार समजून सोडू नका. फार क्वचित, पण वर्षानुवर्षांच्या लिंफेडेमात रक्तवाहिन्यांचा कर्करोग तिथे उठतो. त्याच आठवड्यात तुकडा तपासायला द्या.